समूहगान संस्थेचा इतिहास लिहायचा तर सुरुवात कुठून करावी?

मंद्रसप्तक

नमस्कार मंडळी.

मी ज्या समूहगान संस्थेत बासच्या, म्हणजे पुरुषांच्या सर्वांत खालच्या आवाजाच्या, रांगेत गातो, तिची स्मरणिका निघते आहे आणि तिच्यातलं इतिहासाचं प्रकरण माझ्याकडे आलंय. संस्थेत मोठ्यांचा वृंद आहे आणि मुलांचाही. आमच्यापैकी कुणाचंच पोट गाण्यावर नाही. सचिवांनी एक जुनी ट्रंक माझ्या हवाली केली. आत हजेरीच्या वह्या, सभांची इतिवृत्तं, कार्यक्रमपत्रिका आणि पेन्सिलीच्या खुणांनी भरलेल्या स्वरलिपीच्या प्रती आहेत.

मागची स्मरणिकाही त्यातच मिळाली. तिच्यातला इतिहास म्हणजे संचालकांची नावं, अध्यक्षांची नावं आणि मोठ्या कार्यक्रमांची यादी. मुलांच्या वृंदाला शेवटच्या पानावर चार ओळी. दर आठवड्याला कामधंदा उरकून तालमीला येणाऱ्या माणसांचा कुठे मागमूस नाही. वाचून वाईट वाटलं. मग जगातल्या अशा जुन्या संस्थांबद्दल वाचायला घेतलं आणि पहिल्याच संस्थेत गुंतून पडलो.

ती म्हणजे बर्लिनची सिंग-अकाडेमी, स्थापना १७९१. संस्थापक कार्ल फ्रीडरिश फाश हे प्रशियाचा राजा फ्रेडरिक द ग्रेटच्या दरबारात हार्पसिकॉर्ड वाजवत. इटलीहून आलेली सोळा स्वतंत्र आवाजांची एक रचना त्यांच्या पाहण्यात आली आणि त्यांनी स्वतःही तशी एक रचली. ती गायला माणसं कुठून आणायची? त्यांनी हौशी मंडळी जमवली. सुरुवातीच्या बैठका लोकांच्या घरीच होत आणि स्त्रिया-पुरुष एकत्र गात. तेव्हा चर्चमध्ये उंच पट्टीचे आवाज मुलग्यांचे असत, त्यामुळे घरंदाज बायकांनी जर्मन संगीतकार बाखच्या परंपरेतलं धर्मसंगीत गाणं हीच मोठी गोष्ट होती. १७९३ साली कला अकादमीच्या इमारतीत एक खोली मिळाली, तिच्यावरून संस्थेला नाव पडलं. फाश हजेरी लिहून ठेवत. १८०० साली ते वारले तेव्हा सभासद शंभरावर गेले होते.

त्यांच्यानंतर आले कार्ल फ्रीडरिश त्सेल्टर. हे पेशाने गवंडी, त्या कामातले उस्ताद. बत्तीस वर्षं त्यांनी संस्था चालवली.

आता माझ्या मुद्द्याची गोष्ट. १८२० च्या ऑक्टोबरात एक अकरा वर्षांचा मुलगा आपल्या मोठ्या बहिणीबरोबर या वृंदात दाखल झाला आणि आल्टोच्या, म्हणजे बायका-मुलांच्या खालच्या आवाजाच्या, रांगेत उभा राहिला. आवाज फुटल्यावर तो टेनरमध्ये, म्हणजे पुरुषांच्या वरच्या आवाजात, गेला. तो म्हणजे पुढे नामांकित संगीतकार झालेला फेलिक्स मेंडेल्सोन, आणि बहीण फानी. ११ मार्च १८२९ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, त्याने याच वृंदाकडून बाखचं 'सेंट मॅथ्यू पॅशन', ख्रिस्ताच्या अखेरच्या यातनांवरची मोठी गायनरचना, गाऊन घेतलं. बाख वारल्यानंतर हे काम लोकांसमोर जवळजवळ आलंच नव्हतं. संगीताच्या इतिहासात ही तारीख 'मेंडेल्सोनने बाखला पुन्हा उजेडात आणलं' अशी नोंदली जाते. ते खरंच आहे. पण त्सेल्टर कित्येक वर्षं बंद दाराआड याच मंडळींकडून बाख बसवून घेत होते, आणि त्या तालमींत हा मुलगा आल्टोमध्ये उभा राहून सगळं कानांत साठवत होता, हे मला त्या तारखेइतकंच मोलाचं वाटतं.

म्हणून विचारतो. तुमच्यापैकी कुणी वृंदात गात असेल, कुणी लहानपणी गायलं असेल, तर अशा संस्थेच्या इतिहासात काय यायला हवं?

रानजाई

धागा फार आवडला. एक शंका आहे. मेंडेल्सोन लहान असताना मोठ्यांच्या वृंदात गायला. म्हणजे तेव्हा मुलांसाठी वेगळा वृंद नव्हता का? आणि मुलांचे वृंद तर त्याहून कितीतरी जुने असल्याचं ऐकलंय.

कोमल_निषाद

@रानजाई, बरोबर ऐकलंत. लाइपझिगच्या सेंट थॉमस चर्चचा मुलग्यांचा वृंद १२१२ पासूनचा मानला जातो. बाख १७२३ पासून १७५० पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, तिथेच कॅन्टर (गायनशिक्षक आणि वृंदप्रमुख) होते. पण ती शाळा होती. मुलं तिथे राहत, शिकत, आणि चर्चसाठी गाणं हा त्यांच्या शिक्षणाचा आणि पोटापाण्याचा भाग होता. मुलींना तिथे जागा नव्हती. घरी राहणारी, शाळा सुटल्यावर आवडीने येणारी मुलं-मुली आणि त्यांच्याशेजारी तशीच आवडीने येणारी मोठी माणसं, ही कल्पना पुष्कळ नंतरची.

आवाज फुटण्याचं म्हणाल तर बाखच्या काळी तो आजच्यापेक्षा बराच उशिरा फुटे. सोळा-सतरा वर्षांची मुलंही वरच्या पट्टीत गात. त्यांच्याकडे सात-आठ वर्षांची तयारी आणि वाढलेली छाती, दोन्ही असे. आज मुलगा बारा-तेराव्या वर्षीच सोप्रानोतून, म्हणजे सर्वांत वरच्या आवाजातून, निघतो आणि हाती येतो न येतो तोच आवाज बदलतो. मी मुलांचा वृंद शिकवते, म्हणून हे जवळून पाहते. संस्थेच्या इतिहासात याची एक ओळ तरी असावी, कारण मुलांच्या वृंदाची माणसं चार-पाच वर्षांत पूर्ण बदलतात. मोठ्यांच्या वृंदात तीच माणसं तीस वर्षं असतात. एकाच संस्थेत दोन वेगळी घड्याळं चालू असतात.

मंद्रसप्तक

@कोमल_निषाद, दोन घड्याळांचं अगदी पटलं. ट्रंकेतल्या वह्यांतही तेच दिसतं. मोठ्यांच्या हजेरीत तीच नावं पानोपानी येतात, मुलांच्या वहीत दर दोन वर्षांनी अर्धी नावं नवी.

जुनी_वही

ग्रंथालयात आणि दप्तरखान्यात काम करण्यात माझं आयुष्य गेलं, म्हणून आधी एक विनंती. त्या पेन्सिलीच्या खुणा खोडू नका आणि प्रती 'स्वच्छ' करायला कुणाला देऊ नका. श्वास कुठे घ्यायचा, कुठला स्वर नेहमी खाली उतरतो, हे सगळं त्या खुणांत असतं. छापील प्रत दुसरी मिळेल, ती खूण मिळणार नाही. हजेरीच्या वहीतल्या शेऱ्यांचंही तसंच.

सिंग-अकाडेमीचा विषय निघालाच आहे तर तिच्या दप्तराचीही गोष्ट ऐका. त्सेल्टरनी आणि सभासदांनी जमवलेला संग्रह प्रचंड होता. मेंडेल्सोनची आजेमावशी सारा लेव्ही स्वतः उत्तम हार्पसिकॉर्ड वाजवत. त्यांच्याकडची हस्तलिखितंही संस्थेकडे आली. बाखचे चिरंजीव कार्ल फिलिप इमॅन्युएल यांच्या कितीतरी रचना फक्त इथेच होत्या. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने १९४३ साली हा संग्रह सायलेशियातल्या एका गढीत हलवला. युद्ध संपलं आणि संग्रह नाहीसा झाला. जळाला असं धरून लोक गप्प बसले. १९९९ साली तो कीव्हमधल्या सरकारी दप्तरात सापडला. पाच हजारांहून जास्त हस्तलिखितं! शोध घेणाऱ्यांत बाखचे अभ्यासक क्रिस्टोफ वोल्फ होते. २००१ साली सगळं बर्लिनला परत आलं.

ज्या रचना आज जगभर ध्वनिमुद्रित होतात, त्यातल्या कित्येक एका हौशी वृंदाच्या कपाटामुळे वाचल्या. तुमच्याही ट्रंकेची आधी यादी करा. प्रत्येक कागदाला क्रमांक द्या, फोटो काढा, मग लिहायला बसा.

तिसरी_घंटा

इतिहासात भांडणं घालणार की नाही, ते आधी ठरवा. स्मरणिका म्हटली की सगळं गोडगोड लिहायची रीत आहे.

सिंग-अकाडेमीचंच बघा. १८३२ साली त्सेल्टर गेले. पुढचा संचालक कोण, यावर सभासदांनी मतदान केलं. एका बाजूला मेंडेल्सोन, दुसऱ्या बाजूला संस्थेतच वर्षानुवर्षं काम केलेले रुंगेनहागेन. १८३३ च्या जानेवारीत निकाल लागला: रुंगेनहागेन १४८, मेंडेल्सोन ८८. मेंडेल्सोन कुटुंबाने संस्था सोडली. पुढे लाइपझिगने मेंडेल्सोनला बोलावलं आणि तिथे त्याने मोठं नाव कमावलं. ही पानं गाळली तर संस्थेचा इतिहास उरतोच कुठे?

इंग्लंडमधली हडर्सफील्ड कोरल सोसायटी १८३६ ची. गिरणगावातल्या कामकरी माणसांनी उभी केलेली, आजही जोमात गाणारी. तिच्या १८४२ च्या नियमांत असं होतं की जो समाजवाद्यांच्या सभांना जाईल त्याला सभासद राहता येणार नाही, आणि ग्रंथपालाने अशा कुणाला स्वरलिपीच्या प्रती उसन्या दिल्या तर त्यालाही काढून टाकलं जाईल. आज वाचताना अंगावर येतं. पण नियम करावा लागला, म्हणजे आल्टो-टेनरच्या रांगांत तेव्हा समाजवादी उभे होते, हेही त्याच नियमातून कळतं. त्यांची नावं कुठेही नसतील, पण नियमाने त्यांना जपून ठेवलंय.

जुनी_वही

@तिसरी_घंटा, +१. इतिवृत्तात 'चर्चा झाली' असं लिहिलेलं असतं तिथे थांबून पाहावं. ती चर्चा कसली होती, ते बहुतेक वेळा पुढच्या महिन्याच्या हजेरीत दिसतं.

शब्दवेल्हाळ

मोठ्यांच्या आणि मुलांच्या गाण्याचा सांधा कुठे जुळतो, याचं माझ्या मते सर्वांत चांगलं उदाहरण बॉस्टनमध्ये आहे. हँडेल अँड हायडन सोसायटी १८१५ ची, हौशी मंडळींची. संगीतकार हँडेलचं 'मसाया' (ख्रिस्तावरची मोठी गायनरचना) अमेरिकेत पहिल्यांदा संपूर्ण सादर केलं ते यांनी, १८१८ साली.

सव्हाना शहरात बँकेत नोकरी करणारे लोवेल मेसन यांनी स्तोत्रांच्या चालींचा एक संग्रह तयार केला. या सोसायटीने तो १८२२ साली छापला, पण मेसननी संपादक म्हणून आपलं नाव घालू दिलं नाही. बँकेतला माणूस गाणंबजावणं करतो अशी ओळख त्यांना तेव्हा नको होती. पुस्तक तडाखेबंद खपलं. पुढे ते बॉस्टनला आले, सोसायटीचे अध्यक्ष झाले, आणि मग त्यांचं सगळं लक्ष मुलांकडे वळलं. मोठी माणसं चांगली गावीत असं वाटत असेल तर लहानपणी स्वर वाचायला शिकवलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह. शाळा समितीने मान्यता दिली पण पैसे दिले नाहीत. मेसननी एका शाळेत वर्षभर फुकट शिकवलं. त्या मुलांचं गाणं ऐकल्यावर १८३८ साली बॉस्टनच्या सरकारी शाळांत संगीत हा रीतसर विषय झाला.

मंद्रसप्तक, तुमच्या संस्थेतही मुलांचा वृंद कुणीतरी असाच फुकट चालवला असणार. ते नाव शोधा. जमाखर्चात मिळणार नाही, कारण त्या माणसाने पैसेच घेतले नसतील.

मंद्रसप्तक

@शब्दवेल्हाळ, तुमचा प्रतिसाद वाचून उठलो आणि पुन्हा ट्रंक उघडली. मुलांच्या वृंदाची पहिली तीन वर्षं जमाखर्चात मानधनाची एकही नोंद नाही. पण त्या वर्षांच्या हजेरीवहीत सगळं अक्षर एकाच हाताचं आहे. तेच अक्षर मोठ्यांच्या वृंदातल्या आल्टोच्या प्रतींवर पेन्सिलीने लिहिलेलं आहे. या बाईंचं नाव मागच्या स्मरणिकेत नाही.

रानजाई

हे वाचून गलबलून आलं.

षड्जचलन

मी हौशी गायक, आणि स्वरलिपी वाचायला वयाच्या चाळिशीत शिकलो. म्हणून जॉन कर्वेन यांचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. हे इंग्लंडमधले धर्मोपदेशक. १८४१ साली हल शहरात रविवारच्या शाळांच्या शिक्षकांची परिषद भरली, तिथे त्यांच्यावर काम सोपवलं गेलं की मुलांना गाणं शिकवायची सोपी रीत शोधून काढा. नॉर्विचच्या सारा ग्लोव्हर नावाच्या शिक्षिकेने आधीच मुलांसाठी अक्षरांची एक स्वरलिपी बसवली होती. कर्वेननी ती उचलली, वाढवली, हाताच्या खुणा जोडल्या. हीच टॉनिक सोल-फा.

आपल्या लोकांना ही पद्धत चटकन का कळते ते सांगतो. तिच्यात 'डो', म्हणजे पाश्चात्त्य सरगममधला पहिला स्वर, ठरलेल्या पट्टीला बांधलेला नाही. आपण सा हवा तिथे धरतो, तसंच. बाकीचे स्वर त्याच्याशी असलेल्या नात्याने ओळखायचे. पाच रेघांवरचे ठिपके पाहून बिचकणारा माणूस यात पहिल्याच दिवशी दोन ओळी वाचतो.

ही रीत मुलांसाठी निघाली आणि तिच्यावर मोठ्यांचे वृंद वाढले! गिरण्यांतले, खाणींतले कामगार याच अक्षरांवरून हँडेल गायला शिकले. त्याच सुमारास नॉव्हेलो या प्रकाशकांनी स्वस्त प्रती काढल्या. १८४६ पासून 'मसाया' महिन्याला एक असा हप्त्याहप्त्याने विकला. त्याआधी प्रती हाताने उतरवून घ्याव्या लागत किंवा महागड्या विकत घ्याव्या लागत. १८५७ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये सुमारे दोन हजार लोक एकत्र हँडेल गायले. ते दोन हजार कुठून आले याचं उत्तर मुलांच्या वर्गांत आणि स्वस्त प्रतींत आहे.

तुमच्या संस्थेत मुलांना स्वर कसे शिकवले, कुठल्या पद्धतीने, हे जरूर लिहा. ते कोरडं वाटेल, पण त्याच्यावरच सगळं उभं असतं.

कोमल_निषाद

@षड्जचलन, हाताच्या खुणा आम्ही आजही वापरतो. हंगेरीत झोल्तान कोदाय यांनी याच खुणा आणि हाच चल 'डो' घेऊन शाळांचं संगीतशिक्षण उभं केलं. १९२५ च्या सुमारास त्यांनी मुलांसाठी गांभीर्याने लिहायला सुरुवात केली, आणि १९५० साली त्यांच्या जन्मगावी, केचकेमेटला, रोज गाणं असलेली प्राथमिक शाळा निघाली. त्यांनी मुलांसाठी केलेल्या रचना अवघड आहेत. आमच्याकडची मुलं त्या गातात तेव्हा मोठ्यांचा वृंद दाराशी येऊन उभा राहतो.

आता मला थोडं खटकणारं बोलते. वर दोन-तीनदा असा सूर लागला की मुलांचा वृंद म्हणजे मोठ्यांच्या वृंदाची रोपवाटिका. मला हे मान्य नाही. बहुतेक मुलं पुढे मोठ्यांच्या वृंदात येत नाहीत. शिकायला जातात, गाव सोडतात, काहींचं गाणं सुटतं. म्हणून त्यांची ती चार वर्षं वाया गेली का? मुलांच्या आवाजाला एक स्वतःचा रंग आहे, त्याच्यासाठी लिहिलेलं संगीत आहे. फिनलंडमध्ये १९६३ साली एर्की पोह्योला यांनी एका शाळेत तापिओला वृंद सुरू केला. त्यांनी आपल्या काळच्या संगीतकारांकडून मुलांसाठी नवीन रचना लिहवून घेतल्या आणि जगभर गायल्या. शिकागोत १९५६ साली क्रिस्टोफर मूर या धर्मोपदेशकांनी वेगवेगळ्या वंशांच्या मुलांनी एकत्र यावं म्हणून मुलांचा वृंद काढला. तो चालला तो मुलांसाठी, पुढे मोठे गायक मिळावेत म्हणून नव्हे.

षड्जचलन

मान्य. मी रोपवाटिका म्हटलं नव्हतं, पण माझ्या लिहिण्याचा रोख तसाच होता हे खरं. शब्द मागे घेतो.

पंचमस्वर

दोन्ही वृंद एकमेकांशेजारी उभे राहतात तेव्हा काय होतं, त्याबद्दल कुणीच बोललं नाही. मी दोन्हीकडून गायलोय, आधी मुलांमध्ये आणि नंतर टेनरमध्ये, म्हणून लिहितो.

'सेंट मॅथ्यू पॅशन'च्या पहिल्याच समूहगीतात दोन वृंद एकमेकांना प्रश्नोत्तरं करत असतात आणि त्या सगळ्या गलबल्यावरून एक तिसरी, सरळ, संथ ओळ तरंगत येते. ती बहुतेक ठिकाणी मुलांना देतात. मी दहा वर्षांचा असताना ती ओळ गायलो. आम्हाला वेगळं, बाजूला उंचावर उभं केलं होतं. खालून मोठ्यांचा आवाज येत होता, तो कानांपेक्षा पायांना जास्त जाणवत होता. आमचे स्वर मोजके, लांबलचक. चुकायची भीती नव्हती, फक्त वाट पाहायची होती. पुढे टेनरमध्ये उभा राहून तेच गायलो तेव्हा ती ओळ वरून आली आणि मला माझी जागा चुकली. सूर गेला नाही, शब्दच फुटेना.

संगीतकार माहलरची आठवी सिम्फनी १२ सप्टेंबर १९१० रोजी म्युनिकला पहिल्यांदा झाली. लाइपझिगचा आणि व्हिएन्नाचा असे मोठ्यांचे दोन हौशी वृंद आणि म्युनिकच्या गायनशाळेतली ३५० मुलं. इंग्लिश संगीतकार बेंजामिन ब्रिटनचं 'वॉर रिक्वायम', युद्धातल्या मृतांसाठीची रचना, ३० मे १९६२ रोजी कॉव्हेंट्रीच्या नव्या कॅथीड्रलमध्ये झालं. जुनं कॅथीड्रल १९४० च्या बॉम्बहल्ल्यात गेलं होतं. त्यात मुलग्यांचा वृंद ऑर्गनबरोबर लांबून गातो. ब्रिटनला तो आवाज दुरूनच यायला हवा होता. मोठे युद्धाच्या मधोमध, मुलं कुठेतरी पलीकडे. हे एकाच वयाच्या आवाजांत साधत नाही.

तेव्हा मंद्रसप्तक, दोन वृंद किती वेळा एकत्र गायले आणि काय गायले, याचं स्वतंत्र प्रकरण करा. मुलांना तेव्हा कुठे उभं केलं होतं, तेही लिहा. फोटोत दिसेल.

तिसरी_घंटा

@पंचमस्वर, फार सुंदर लिहिलंत.

आपल्याकडची आठवण काढायची तर कलकत्ता यूथ कॉयर, १९५८. रुमा गुहाठाकुरतांनी उभा केला. आपलं संगीत मुळात एका सुराच्या वाटेने जाणारं. त्याच्यात तीन-चार आवाजांची वेगळी ओळ बसवणं सोपं नाही, आणि त्यांनी ते लोकगीतांपासून केलं. अशा वृंदांचे तपशील कागदावर फार कमी आहेत. जे गायले त्यांच्या आठवणी आत्ताच लिहून घेतल्या पाहिजेत.

मंद्रसप्तक

सगळ्यांचे मनापासून आभार. आठवडाभर या धाग्याच्या नादात होतो, काय झालं ते सांगतो.

जुनी_वही यांनी सांगितल्याप्रमाणे आधी यादी केली. हजेरीच्या चौदा वह्या, इतिवृत्ताच्या पाच, स्वरलिपीच्या प्रती दोनशेच्या वर. संचालकांची यादी परिशिष्टात टाकली आहे. प्रकरणाची सुरुवात मुलांच्या वृंदाच्या पहिल्या तालमीच्या हजेरीने करतोय. अकरा मुलं होती, दोन उशिरा आली, तसं वहीत लिहिलेलं आहे.

ती वही लिहिणाऱ्या बाईंचा पत्ता लागला. आता गात नाहीत, पण आवाज अजून खणखणीत आहे. त्या म्हणाल्या, मुलांचा वृंद काढायचा असा काही ठराव नव्हता. तालमीला येणाऱ्या आयांबरोबर मुलं येत आणि मागच्या बाकावर कंटाळत. एकदा त्यांनी आल्टोच्या ओळीत एक मुलगा हळूच बरोबर गाताना ऐकला. पुढच्या आठवड्यापासून तालीम सुरू होण्याआधी अर्धा तास त्या मुलांना घेऊन बसू लागल्या. इतिवृत्तात याची नोंद दोन वर्षांनी होते, तीही 'बालविभागास मान्यता' एवढीच.

दोन्ही वृंद एकत्र गायल्याचे सात कार्यक्रम सापडले. तिसरी_घंटा, एका वर्षी मोठ्यांच्या वृंदातली नऊ माणसं एकाच महिन्यात गळाली, त्याचंही कारण मिळालंय. लिहिणार आहे. त्यातले दोघे अजून भेटतात, त्यांना आधी वाचायला देईन.

पंचमस्वर, फोटो पाहिला. मुलं डावीकडे, पायऱ्यांवर उभी आहेत. तिसऱ्या पायरीवरची मुलगी आज आमच्या सोप्रानोत आहे. तिला काल दाखवला तर म्हणाली, त्या दिवशी बूट चावत होते आणि बासची रांग फार मोठ्याने गात होती.

मुलांची एक वही मात्र मिळत नाही, मधल्या चार वर्षांची. शोध चालू आहे.